कॅमेरा चालू ठेवा

९ जून, सोमवार

आज सांगून टाकलं. क्लासच्या मालकांच्या केबिनमध्ये गेले, राजीनामा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिले. बसले असते तर त्यांनी चहा मागवला असता, आणि चहा आला असता तर मी कागद परत पर्समध्ये टाकला असता. चौदा वर्षं कॉलेज रोडच्या त्या हॉलमध्ये गणित शिकवलं.

"मॅडम, या वयात घरी बसून काय करणार?"

"घरी बसूनच शिकवणार," म्हटलं. हे बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

नवऱ्याला, प्रकाशला, लगेच फोन केला. तो सातपूरला, कंपनीत, फर्स्ट शिफ्ट. मशीनच्या आवाजात तीनदा "काय?" म्हणाला. चौथ्यांदा ऐकू गेलं. मग म्हणाला, "घरी आल्यावर बोलू." म्हणजे घाबरला. मी पण.

११ जून

कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या पाय डळमळले तर वाचता येईल.

गेल्या वर्षी इगतपुरीहून एक मुलगी यायची. पॅसेंजरने यायची, पॅसेंजरने जायची. दुसऱ्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायची. दिवाळीनंतर आलीच नाही. हुशार होती. गणिताने नाही, प्रवासाने दमली. अशी दरवर्षी दोन-चार. आम्ही फक्त यादीतून नाव काढायचो.

तर: नववी-दहावी. गणित, विज्ञान. मराठी माध्यम आणि सेमी. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, मोबाईलवर. फी इतकी कमी, की घरात 'मुलाला लावू की मुलीला' असा प्रश्नच येऊ नये.

१३ जून

देवळाली कॅम्पला गायधनी सरांकडे गेले. मला दहावीला विज्ञान शिकवलेले सर. आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. कुंड्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उज्ज्वला, मला मोबाईलसमोर बोलता येणार नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

मी उठले. फाटकापर्यंत आले.

"कधीपासून म्हणालीस?"

१५ जून, रविवार

मागची खोली रिकामी केली. गाद्या गच्चीवरच्या खोलीत गेल्या. प्रकाशने फळा ठोकून दिला, वाकडा. म्हटलं, वाकडा आहे. म्हणाला, "मोबाईल वाकडा धर." आठवडाभरात पहिल्यांदा हसलो दोघं.

ट्रायल घेतली. गा. सर त्यांच्या घरून, मी इथून. सरांचं फक्त कपाळ दिसत होतं. पंचवीस मिनिटं कपाळाने परावर्तनाचे नियम सांगितले. पण काय सांगितले! मी वही काढून लिहून घेतलं.

२२ जून, रविवार

चांदवडच्या पुढे एका गावात पालकांची सभा. तिथल्या हायस्कूलचे दहावीचे वर्गशिक्षक माझ्या ओळखीचे, त्यांनी शाळेचा हॉल दिला. तीस-एक पालक. बाप्ये मागे, बाया पुढे सतरंजीवर.

बोलले. फळ्यावर एक गणित करून दाखवलं. माना हलल्या. मग एक बाई उठल्या. चाळिशीच्या आतल्या, हातांना कांद्याच्या पातीचा हिरवा रंग.

"मॅडम, पोरीच्या हातात मोबाईल दिला तर ती अभ्यासच करील कशावरून? आम्ही दोघं बाहेर. बघणार कोण?"

मागचे बाप्येही पुढे सरकले. कळलं की सगळ्यांच्या मनातला प्रश्न हाच आहे, बाकी सगळं बोलणं फुकट.

म्हटलं, "ताई, मी बघेन. तासभर कॅमेरा चालू. प्रत्येक मूल मला समोर दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर त्याच दिवशी तुम्हाला फोन."

बाई बसल्या. सगळ्यांत पहिलं नाव त्यांनीच दिलं. मुलगी ऋतुजा, दहावी. वडिलांची पिकअप आहे, कांदा मार्केटला वाहून नेतात. घरात मोठा फोन एकच, वडिलांचा. संध्याकाळी ते घरी असतात तेव्हा मुलीला मिळेल.

अकरा नावं त्या एका वाक्यावर आली. परत येताना एसटीत फार खूश होते.

१ जुलै, मंगळवार

पहिला तास. सहा एकोणतीसला लाईट गेली.

प्रकाशने स्कूटरची हेडलाईट खिडकीतून फळ्यावर टाकली. मोबाईलचं नेट लावलं. मुलांना वाटलं मी मुद्दाम तसं केलंय. "मॅडम, मस्त दिसतंय." घामाने पाठ ओली. तास झाला.

एकोणीस मुलं.

७ जुलै, सोमवार

एकोणीस मुलं येतात असं मला वाटत होतं. आज मध्येच देवळालीच्या एकाचं नाव घेऊन प्रश्न विचारला. उत्तर नाही. परत विचारलं. पाचेक मिनिटांनी त्याच्या आईचा आवाज, "मॅडम, तो ग्राउंडवर गेलाय. मोबाईल चालू ठेवून गेला."

बाकीच्यांना चेहरा दाखवायला सांगितलं. पाच जण जागेवर नव्हते. एकाने स्वतःचा फोटो लावला होता, हसरा. मी आठवडाभर त्या फोटोला शिकवत होते.

सभेत कबूल केलं होतं तेच, पण उद्यापासून सक्ती. कॅमेरा चालू, चेहरा पूर्ण दिसेल असा. दोनदा सांगून ऐकलं नाही तर तासातून बाहेर.

८ जुलै

गा. सरांना नियम आवडला नाही. फोनवर म्हणाले, "शाळेत मुलं आपल्याकडे येतात. अंघोळ करून, कपडे घालून, घर मागे ठेवून येतात. इथे आपण त्यांच्या घरात शिरतोय. रोज. न सांगता."

"सांगून शिरतोय, सर. पालकांना कबूल केलंय."

"पालकांना. मुलांना विचारलंस?"

जरा चिडूनच बोलले मी. म्हटलं, मग मैदानात खेळणाऱ्यांना कसं शिकवायचं तेही सांगा. माझाच नियम राहिला.

१४ जुलै

ऋतुजा. ही मुलगी लिहून ठेवावी अशी आहे. वर्गसमीकरण फळ्यावर लिहून माझा हात खाली येईपर्यंत हिचं उत्तर तयार. कधी मोठ्याने बोलत नाही. चॅटमध्ये फक्त आकडा टाकते. बरोबर आकडा.

पण कॅमेरा भिंतीकडे वळवते. भिंत, खुंटी, खुंटीवर पिशवी. आज दोनदा सांगितलं. "ऋतुजा, चेहरा दिसू दे." थोडा वळवला. कान दिसला. सगळ्यांसमोर म्हटलं, "सगळ्यांना एकच नियम, बेटा." मग पूर्ण वळवला. मागे चूल, गोण्यांची थप्पी, कोणीतरी ये-जा करतंय. ती मान खाली घालून लिहीत राहिली.

नियम म्हणजे नियम. आज चौतीस मुलं.

२४ जुलै

इगतपुरीची तीन मुलं आली. आठवडाभर तिकडे इतका पाऊस आहे की तासाला सात-आठ वेळा तुटतात आणि परत येतात. तुटलं की स्क्रीनवर तोंड उघडं तसंच गोठतं. तरी येतात. आज त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, जे चुकलं ते रेकॉर्डिंगमध्ये बघू?" रेकॉर्डिंग ठेवायला लागू या. चांगली कल्पना.

५ ऑगस्ट

घटक चाचणी. ऋ.ला पैकीच्या पैकी. तिच्या वर्गशिक्षकांनी फोन करून सांगितलं, शाळेतही पहिली आहे. म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिला जरा पुढं ओढा. ती सायन्सला जाऊ शकते. घरचे अजून काही बोलत नाहीत, पण नाही पण म्हणत नाहीत."

नाही म्हणत नाहीत हेही पुष्कळ.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजचं आजच. लिहिते.

समरूप त्रिकोण चालू होते. सहा पन्नास वगैरे. पडद्यावर अडतीस चौकोन. ऋ.च्या चौकोनात मागून एक माणूस आला. तिचे वडील. फोन तिच्याकडे राहिला आणि मार्केटमधून भाड्यासाठी येणारे फोन त्यांना लागले नाहीत, हे त्यांच्या ओरडण्यावरून कळलं. हिने बहुधा वर येणारे कॉल कापले होते. "किती वेळा कापला? किती वेळा?" ती उठायला लागली, आणि त्यांनी तिला मारलं. थोबाडीत. दोनदा.

अडतीस घरांत दिसलं ते.

मी काय केलं? तिचा आवाज बंद केला.

माझ्यासमोर दोन बटणं होती. एकाने आवाज बंद होतो, एकाने चित्र. मी आवाजाचं दाबलं. का, माहीत नाही. रडणं ऐकवत नव्हतं म्हणून असेल. चित्र चालूच राहिलं. आवाज नसलेलं. ती तोंड झाकून घेतेय, फोन गोणीला टेकलेला, आणि सगळे बघताहेत. मग एक मोठा हात आला आणि चौकोन काळा झाला.

मी म्हणाले, "आज इथे थांबू."

प्रकाश आला तेव्हा मी फळ्यासमोर खुर्चीवर. खडू हातात. त्याने फोन करायला सांगितला. कोणाला करू? तिच्या नावापुढे नंबर एकच आहे. वडिलांचा.

१३ ऑगस्ट

क्लिप फिरतेय.

सकाळी वर्गशिक्षकांचा फोन. आमच्यातल्याच कोणीतरी मोबाईलवर सगळं टिपून ठेवलं. शाळेच्या मुलांच्या ग्रुपवर आलं, तिथून गावाच्या. मागे हसण्याचा आवाज जोडलाय. खाली लिहिलंय, 'ऑनलाइन शिक्षण'. ऋ. आज शाळेत आली नाही.

रेकॉर्डिंग मी ठेवत होते, तेही तपासलं. क्लिप त्यातली नाही. माझ्याकडचं कालचं पुसून टाकलं, मग तीन आठवड्यांचं सगळं.

गा. सर कोणाचं काम असेल ते दुपारपर्यंत शोधून मोकळे. चित्रात कोपऱ्यात टिपणाऱ्याचा स्वतःचा चौकोन दिसतो, ते बघून. देवळालीचाच आदित्य. तोच, ग्राउंडवर जाणारा. म्हणजे नियमामुळे जागेवर बसलेला.

१४ ऑगस्ट

ऋ.च्या वडिलांचा फोन आला, दुपारी. मी "नमस्कार" म्हणेपर्यंत—

"मॅडम, तुमी शिकवता का तमाशा लावता? मला अख्खं मार्केट दाखवतंय. गाडी लावली का चार जण मोबाईल काढत्यात. मी पोलिसात जाईन, सांगून ठेवतो."

"दादा, माझं ऐका—"

"तुमचं लय ऐकलं. पोरीचं नाव काढून टाका."

ठेवला.

संध्याकाळच्या तासाला एकवीस. त्यातले बरेच कॅमेरे बंद. मी कोणाला चालू करायला सांगितलं नाही. फळ्यावर एकच रेष गिरवत राहिले. गा. सरांनी मध्येच भौतिकशास्त्र सुरू केलं आणि मला वाचवलं.

१५ ऑगस्ट

सकाळपासून पालकांचे फोन. एका आईने फार सभ्यपणे सांगितलं, "तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण आमच्या घरात पण कधी कधी आवाज चढतो." नाव काढलं. असे नऊ.

प्रकाश म्हणतो बंद कर. रागाने नाही म्हणाला. पोळी मोडता मोडता म्हणाला, "मारलं त्यांनी, पसरवलं त्या पोराने. तू कुठे आलीस यात?"

मी मधोमध आहे यात. चेहरा दिसू दे, कोण म्हणालं होतं?

१६ ऑगस्ट

दोन पर्याय दिसतात. एक, गप्प बसायचं. क्लिप जुनी होईल. दोन, जायचं.

गा. सर म्हणाले, "जायचं. आणि मी येणार." त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची आठवण दिली तर म्हणाले, गुडघा माझा आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी, चांदवडला उतरून पुढे काळी-पिवळी जीप. दारात पिकअप उभी. म्हणजे ते घरात. मी पिकअपपाशीच थांबले. सर पुढे गेले आणि सरळ "पाणी मिळेल का?" म्हणाले.

ऋ.च्या आईने पाणी दिलं. मला ओळखलं, चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. वडील आले. फोनवरच्या आवाजावरून आणि पडद्यावरच्या त्या हातावरून मला धिप्पाड माणूस वाटला होता. बारीक, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खाली-वर लागलेली.

मी म्हटलं, "माफी मागायला आलेय."

त्यांना हे अपेक्षित नसावं. बसले. पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलले.

"हात उचलला ते चुकलंच माझं. तिच्या मायनं तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. ते आमचं आमी बघू. पण मॅडम, माझ्या घरातलं तुमी गावाला का दाखवलं? माझी चूल दाखवली. माझी पोरगी रडती ती दाखवली. मी तुमाला घरात बोलावलं व्हतं का?"

गा. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी.

"नियम माझा होता," म्हटलं. "तो काढलाय. तिला परत पाठवा म्हणत नाही. शाळेत तरी पाठवा. आठवडा होत आला."

"ती जात नाही. मी अडवलं नाय."

मी आईला आत जाऊन विचारलं, हे नेहमी होतं का? आई चुलीशी वळून म्हणाली, "पयल्यांदाच, मॅडम." खरं असेल. नसेलही. मी तिथे अर्धा तास बसून काय ओळखणार? माझा नंबर कागदावर लिहून तिच्या हातात दिला. तिने घडी करून पोलक्यात ठेवला.

ऋ. पडद्याच्या मागे होती. पाय दिसत होते. "बेटा, माझं चुकलं," म्हटलं. पाय हलले नाहीत. मी उठले तेव्हा आतून म्हणाली, अगदी हळू, "मी भिंतीकडे केला होता, मॅडम. तुम्हीच म्हणालात."

"हो," म्हटलं.

परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी. पिंपळगावला त्यांनी खिडकीची काच लावून घेतली, माझ्या अंगावर वारा येत होता म्हणून.

१८ ऑगस्ट

सगळ्या पालकांना लिहिलं. प्रकाशने वाचून "इतकं कशाला?" विचारलं. पाठवलंच. थोडक्यात असं: कॅमेऱ्याचा नियम माझा होता आणि तो चुकला. कुणाचंही मूल आता घर दाखवणार नाही. तासाचं रेकॉर्डिंग ठेवणार नाही. मूल लक्ष देतंय की नाही ते मी त्याच्या वहीवरून ओळखेन, चेहऱ्यावरून नाही. क्लिप ज्याच्याकडे असेल त्याने पुसावी; ती दुसऱ्याच्या मुलीची आहे.

चार उत्तरं आली. दोन हात जोडलेले. एक 'ओके'. एक लांबलचक, की अशी शिस्तच नसेल तर काय उपयोग, आमचं नाव काढा.

२० ऑगस्ट

आदित्य. मी त्याला काढणार होते. गा. सर म्हणाले नको. मोठं भांडण झालं, आमच्यातलं पहिलं खरं.

"सर, त्याला ठेवून मी ऋतुजाच्या घरी कुठल्या तोंडाने फोन करू?"

"आणि त्याला काढून तो काय शिकेल? की सापडू नये?"

शेवटी दोघं त्याच्या घरी गेलो. वडील फौजेत, बाहेर पोस्टिंगवर. आई दारातच रडायला लागली. तो भिंतीला टेकून. वाढलेला, पण मिसरूड अजून नाही. विचारलं, का?

"फनी वाटलं. म्हणजे... मला ती फनी नाही वाटली. सगळे टाकतात काहीतरी. मी एकालाच पाठवलं होतं. मग त्याला सांगितलं डिलीट कर, तर तो म्हणाला गेलं पुढे." मग एकदम, "मॅडम, ती येत नाही का आता?"

"नाही."

त्याचा चेहरा मी बघितला. माझी त्याच्याबद्दलची चीड गेली नाही. पण काढलं नाही त्याला. आईला सांगितलं, त्याच्या वडिलांना फोनवर तुम्ही नाही, तो सांगेल. आमच्यासमोर लावला फोन. "पप्पा, मी एक चूक केली" इथपर्यंत ऐकून आम्ही बाहेर आलो.

२७ ऑगस्ट

गल्लीत गणपतीचे ढोल. आजचा तास घेतला नाही. तेरा मुलं उरलीत. प्रकाशने क्लासचे मालक भेटल्याचं सांगितलं, विचारत होते म्हणे, मॅडम परत येतील का. "मी काही बोललो नाही," म्हणाला. मग, "बोलू?"

नको म्हटलं. ठाम नव्हतं ते. त्यालाही कळलं.

३ सप्टेंबर

वेगळाच विचार चाललाय. चित्र लागतंच कशाला? तासात साध्या कॉलवरूनही येता येतं, नेट नसलं तरी. बटणाचा फोन चालतो. एक नंबर लावायचा, तासात आवाज येतो, बस. आकृती लागणार, ती कागदावर आधीच पाठवायची. आठवड्याचे कागद छापून शाळेत पोचवायचे. फळा नाही. मोठा फोन नाही. घर नाही.

गा. सर म्हणाले, "आपण रेडिओवर शिकलोच की, उज्ज्वला. पण भूमिती? आवाजाने?"

बघू.

८ सप्टेंबर

भूमिती आवाजाने: "पान दोन. वरचा त्रिकोण. डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवा. ठेवलं? आता बोट उजवीकडे न्या, रेषा संपेपर्यंत." इगतपुरीची तिन्ही मुलं एकदाही तुटली नाहीत. आज पहिल्यांदाच त्यांना पूर्ण तास ऐकू आला. त्यातला एक शेवटी म्हणाला, "मॅडम, बोट काळं झालं." सगळे हसले. आवाज नुसते, कोण कुठे बसलंय माहीत नाही. एक पोरगा मधूनच जोरात बोलतो, मागे मेंढ्या.

मी पण हसले.

१५ सप्टेंबर, सोमवार

वर्गशिक्षकांना कागदांचा गठ्ठा पाठवला होता. त्यांचा फोन. ऋ. अजून शाळेत येत नाही. ते दोनदा घरी जाऊन आले. वडील म्हणतात, तिची इच्छा. आई म्हणते, पोरं रस्त्यात हसतात. सहामाही महिन्यावर. बोर्डाचा फॉर्म भरायचाय.

"कागद तिला दिले?"

"आईच्या हातात दिले. त्यावर तुमचा तो कॉलचा नंबर आहे ना? गावातल्या सगळ्याच दहावीच्या मुलींना दिलेत. कोण लावतंय, कोण नाही, मला काय कळणार."

वडिलांना फोन लावला. उचलला. मी फॉर्मचं सांगितलं. "बघतो," म्हणाले. मागच्यासारखे चिडले नाहीत. ते जास्त वाईट वाटलं. थकल्यासारखा आवाज.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. तासाला सतरा. परत वाढतायत, हळू. चांदवडकडचे नवे नंबर दोन-तीन. नाव सांगा म्हटलं की काही सांगतात, काही गप्प बसतात. मी खोदून विचारत नाही. गा. सर म्हणतात, हजेरीचं काय? म्हटलं, जो बोलेल तो हजर. जो ऐकेल तोही, पण ते कसं लिहायचं माहीत नाही.

एक नंबर रोज येतो. सहा एकोणतीसला जोडला जातो, साडेसातला जातो. बोलत नाही कोणीच. श्वास पण नाही. कधी भांड्याचा आवाज.

२५ सप्टेंबर

वर्गशिक्षकांचा मेसेज: 'फॉर्म भरला. आईसोबत आली होती. ओढणी तोंडावर. सही केली, गेली. वर्गात बसली नाही.'

दहा वेळा वाचला. भरला. बसली नाही. यातलं कुठलं धरू?

तो गप्प नंबर आज आला नाही.

२६ सप्टेंबर

आज पण नाही. उलटा फोन लावून बघावा असं फार वाटतंय. अंगठा नंबरवर ठेवून बसले होते. प्रकाशने बघितलं. काही न बोलता माझा फोन उचलून फ्रिजवर ठेवला. बरोबर केलं. कोण आहेस, दाखव, असं आणखी एकदा कोणालाच म्हणायचं नाहीये मला.

२९ सप्टेंबर, सोमवार

अंकगणिती श्रेढी. चार, नऊ, चौदा, एकोणीस. विचारलं, "दहावं पद किती? कोणीही सांगा."

तो नंबर होता आज. सहा एकोणतीसला आला.

आदित्य उत्तर देणार होता, त्याचा "मॅड—" ऐकू आला. तेवढ्यात दुसरा आवाज आला. मुलीचा. इतका बारीक की इगतपुरीच्या पोराने "काय?" विचारलं. आदित्य थांबला. परत बोललाच नाही.

"चोपन्न."

चुकलेलं होतं. ऋतुजाचं असं चुकत नाही. किंवा दीड महिना वही उघडली नसेल तर चुकतं. साधा फोन, त्यात घरघर, आवाज कोणाचा ते सांगता येईना. गावात दहावीच्या मुली आणखी आहेत.

नाव विचारलं नाही. म्हटलं, "जवळ आहेस. चारपासून दहाव्या पदापर्यंत उड्या किती मारायच्या? दहा? की कमी? पान तीन बघ."

सगळे थांबून राहिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. घरघर. मग कागद उलटल्याचा आवाज. जवळून, फोन पानाशीच असावा.

आणि कॉल गेला. रेंज गेली, की ठेवला, की कोणी घेतला. माहीत नाही.

साडेसातपर्यंत तास घेतला, तो नंबर परत आला नाही. गृहपाठ सांगितला. सगळे गेल्यावर हजेरीची वही उघडली. वरून खाली भरत आले. ऋ.च्या नावाशी, जे मी काढलंच नव्हतं, येऊन पेन थांबला. हजर लिहू? गैरहजर तर खरंच लिहिता येत नाही.

रकाना तसाच ठेवलाय.